आधी पाणी बाहेर काढायची वाट

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलं आहे.)



संयोजकांनी सांगितलं होतं की प्रत्येकानं आपल्या कामातलं एक काहीतरी वीस मिनिटांत सांगायचं. काल आपल्या डॉक्टर मैत्रिणीनं गुडघ्यांविषयी सांगितलं आणि आपण सगळे खुर्चीतून उठताना एकमेकांकडे बघायला लागलो. बोंडअळीवरचं भाषणही छान झालं. माझा विषय कार्यक्रमपत्रिकेत छापून आला, ‘काँप्युटरची नळयोजना कशी आखावी’, आणि त्याच संध्याकाळी एका मित्राचा फोन आला. म्हणाला, “काय बे, काँप्युटरले आंघोळ घालून राहिला काय?”

एकदा घातली आहे. त्याचंच सांगायला उभा आहे.

तुम्हाला माहीत आहे, माझा लग्नाच्या फोटो आणि व्हिडिओचा स्टुडिओ आहे. पूर्वी कॅसेट द्यायचो, मग सीडी, आता पेन ड्राइव्ह. काम मात्र वाढलं. तीन कॅमेरे, दोन दिवसांचं चित्रीकरण, त्यातून तीन तासांची फिल्म आणि मोबाइलवर पाठवायला पाच मिनिटांची वेगळी. संकलन झालं की शेवटी काँप्युटर ती फिल्म रात्रभर बसून ‘काढतो’. आम्ही त्याला रेंडर म्हणतो. आणि लग्नांचा मोसम नेमका कधी? एप्रिल-मे. आपल्या अकोल्याचा मे महिना मी तुम्हाला सांगायला नको. पारा ४४-४५ वर, आणि स्टुडिओ वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली.

२०२१ मध्ये मी नवीन मशीन घेतलं. प्रोसेसर रायझन ९ ५९५०एक्स, ग्राफिक कार्ड आरटीएक्स ३०८०. नावं लक्षात ठेवू नका, दोनच आकडे लक्षात ठेवा. भर कामात हा प्रोसेसर साधारण १४२ वॉट वीज खातो आणि कार्ड ३२०. दोन्ही मिळून ४६२. ही वीज कुठे जाते? शेवटी सगळीच्या सगळी उष्णता होते. म्हणजे टेबलाखाली अर्धी इस्त्री रात्रभर चालू ठेवल्यासारखं आहे. प्रोसेसर ९० अंशांपर्यंत पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. डिसेंबरात चार तासांत निघणारी फिल्म मे महिन्यात सहा तास घ्यायची, पंखे विमानासारखे ओरडायचे, आणि कधी कधी मशीन अर्ध्यातच बंद पडायचं.

तेव्हा ठरवलं, पाण्यानं थंड करायचं.

यात काय असतं ते आधी थोडक्यात सांगतो. प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याचा एक पोकळ ठोकळा बसतो, त्याला ब्लॉक म्हणतात. त्याच्या आत अगदी बारीक खाचा असतात. त्यातून पाणी जातं आणि उष्णता उचलतं. ग्राफिक कार्डावर तसाच दुसरा ब्लॉक. तिथून पाणी नळीतून रेडिएटरकडे जातं. मोटारीत असतो तसाच, पण लहान, पुढे पंखे लावलेला. तिथे उष्णता हवेला देऊन पाणी टाकीत येतं, टाकीखालचा पंप ते परत ढकलतो. झाली नळयोजना. एकूण पाणी जेमतेम एक लिटर, तेच फिरत राहतं. कल्पना नवीन नाही. आयबीएमची ३०८१ ही मोठी यंत्रं १९८० मध्ये आली, ती पाण्यावरच थंड होत. १९८५ च्या क्रे-२ या महासंगणकात तर सगळे भाग वीज न वाहणाऱ्या एका द्रवात बुडवूनच ठेवलेले असत.

आता इथे आपल्या गावच्या माणसाची हमखास चूक होते. माझीही झाली. ‘पाण्यानं थंड’ म्हटलं की आपल्याला कूलर आठवतो. ४४ अंशांच्या कोरड्या हवेत कूलर खोली ३०-३२ वर आणतो, कारण तिथे पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ते उष्णता घेऊन जातं. काँप्युटरच्या नळयोजनेत पाणी बंद असतं. वाफ होत नाही. त्यामुळे ते पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. खोली ४० अंशांवर असेल तर पाणी ४० च्या वरच राहणार. सर आपल्याला नववीत सांगायचे, उष्णता नाहीशी होत नाही, ती फक्त गरमाकडून थंडाकडे सरकते. मी मान डोलवली होती. कळलं वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी.

२०२१ च्या दिवाळीनंतर मी पहिली जोडणी केली. चार व्हिडिओ बघितले, सामान मागवलं. ब्लॉक तांब्याचे चांगले घेतले आणि तिथे पैसे संपले, म्हणून रेडिएटर स्वस्तातला घेतला. दोन पंख्यांचा, अॅल्युमिनियमचा. नळ्या पीईटीजीच्या घेतल्या, काचेसारख्या पारदर्शक. हीट गननं गरम करून वाकवल्या, निळं पाणी घातलं, आत दिवे लावले. गिऱ्हाइकं आधी अल्बम बघायच्याऐवजी काँप्युटर बघायची. मला फार बरं वाटायचं.

पाणी घातलं, पण काढायचं कसं याचा विचार केला नव्हता. बाहेर काढायची तोटीच नव्हती. काढायचं तर पूर्ण कॅबिनेट उचलून आडवं करायचं आणि एक सांधा सोडायचा. त्यामुळे ते काम मी टाळत गेलो. फेब्रुवारीत निळं पाणी थोडं गढूळ दिसलं. म्हटलं, मोसम संपला की बघू. एप्रिलमध्ये टाकीच्या तळाशी पांढरट चोथा दिसला. म्हटलं, मे संपला की बघू.

मे २०२२ मधली एक रात्र. दोन दिवसांवर फिल्म द्यायची होती. रेंडर लावला, शटर ओढलं, घरी गेलो. रात्री लाइट गेली. काँप्युटर इन्व्हर्टरवर होता, तो चालू राहिला. कूलर इन्व्हर्टरवर नव्हता, तो बंद पडला. शटर बंद, दिवसभर तापलेला स्लॅब, आणि खोलीत ती अर्धी इस्त्री. खोली ४० च्या वर गेली असणार. ४६० वॉटला दोन पंख्यांचा रेडिएटर मुळातच कमी पडत होता, त्यात आत चोथा साचलेला. पाणी खोलीपेक्षा वीस-पंचवीस अंश वर गेलं. पीईटीजीची नळी साठ अंशांच्या आसपास नरम पडायला लागते. कार्डाच्या वरच्या सांध्यातून ती नळी सरकली.

सकाळी शटर उघडलं तर फरशी ओली. पहिल्यांदा मला वाटलं, कूलर गळला. मी फरशी पुसायला फडकं घेतलं. मग निळा रंग दिसला.

कार्ड गेलं. मदरबोर्ड गेला. आणि त्या बोर्डावर, बरोबर कार्डाच्या खाली, एम डॉट टू म्हणतात ती साठवणीची पट्टी बसते. चालू काम तिच्यावर होतं. ती पुण्याला एका ठिकाणी पाठवून बघितली. काही निघालं नाही. कोणाचं काम होतं त्यावर, तिकडे शेवटी येतो.

तीन महिने मी मित्राच्या मशीनवर काम केलं. त्या काळात एक वही घेतली आणि दुसरी नळयोजना आधी कागदावर आखली. ती आज दोन वर्षं चालू आहे. त्या वहीतलंच आता सांगतो. तुमच्यापैकी कोणाच्या मुलामुलींना हे वेड लागलं असेल, तर हे त्यांच्यासाठी आहे.

वहीतला पहिला प्रश्न होता, हे लागतंच का? बहुतेकांना लागत नाही. हिशेब, अभ्यास, साधे खेळ, एवढंच असेल तर प्रोसेसरवर चांगला हवेचा कूलर बसवा, दोन-तीन हजारांत काम होतं. त्यापुढे कंपनीनं भरून, बंद करून दिलेला पाण्याचा संच मिळतो. तो बसवायचा आणि विसरायचा. स्वतः जोडायची नळयोजना फक्त त्याला, ज्याचं मशीन तासन्तास पूर्ण भारावर चालतं आणि ज्याला त्याची निगा राखायची हौस आहे. माझा दुसऱ्या वेळचा खर्च पंचेचाळीस हजारांच्या घरात गेला. त्यात नवीन कार्डाची किंमत धरलेली नाही, ती विचारू नका, घरच्यांनाही अजून नीट माहीत नाही.

दुसरा प्रश्न, उष्णता किती आणि ती जाणार कुठे? ढोबळ हिशेब असा, की रेडिएटरवर एका १२० मिलिमीटरच्या पंख्याएवढ्या जागेमागे १०० ते १५० वॉट धरावेत. थंड गावात १५० धरा, आपल्याकडे १०० च्या आतच राहा. माझे ४६२ वॉट पहिल्यांदा दोन पंख्यांवर होते, म्हणजे एकेकावर २३१. आता तीन-तीन पंख्यांचे दोन रेडिएटर आहेत, एकेकावर ७७. कॅबिनेट घ्यायच्या आधी हे ठरवायचं असतं, कारण एवढे रेडिएटर मावतील असं कॅबिनेट घ्यावं लागतं. मी उलटं केलं होतं. कॅबिनेट आवडलं म्हणून घेतलं आणि त्यात जेवढा मावला तेवढा रेडिएटर बसवला.

आणि कॅबिनेटमधून निघालेली उष्णता खोलीत जाते, हे विसरायचं नाही. खोलीतून ती बाहेर गेली नाही तर तीच हवा परत रेडिएटरमध्ये येते. म्हणून मी वरच्या खिडकीत एक्झॉस्ट बसवला आणि तो इन्व्हर्टरवर घेतला. पंचेचाळीस हजारांच्या सामानात सगळ्यात उपयोगी पडला तो एक्झॉस्टच.

तिसरा प्रश्न धातूंचा. सर, हे तुमच्यासमोर सांगताना लाज वाटते. प्रयोगशाळेत तुम्ही तांब्याची आणि जस्ताची पट्टी आम्लात बुडवून छोटा दिवा लावून दाखवला होता. दिवा लागला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. नंतर तुम्ही जस्ताची पट्टी वर काढून दाखवली, ती खाल्लेली होती. ते आम्ही बघितलंच नाही, तोवर मधली सुट्टी झाली होती. तांबं आणि अॅल्युमिनियम एकाच पाण्यात ठेवलं की तसाच विद्युतघट तयार होतो, आणि त्यात अॅल्युमिनियम झिजतं. माझ्या टाकीतला पांढरट चोथा म्हणजे माझा रेडिएटर होता. तो ब्लॉकच्या बारीक खाचांत जाऊन बसला. म्हणून नियम एकच. पाणी ज्याला ज्याला लागतं ते सगळं तांबं, पितळ किंवा निकेलचा मुलामा दिलेलं असावं. रेडिएटर, ब्लॉक, फिटिंग, सगळं. एकही तुकडा अॅल्युमिनियमचा नको. आपल्या आज्यांच्या घरात हंडा तांब्याचा आणि घागर पितळेची होती, तेवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

चौथा प्रश्न, पाणी कोणतं? खारपाणपट्ट्यातून सायकलवर शाळेत येणारी मुलं आपल्या वर्गात होती, त्यांना हे सांगायला नको. कूलरच्या जाळ्यांवर एका मोसमात किती क्षार बसतात ते आपण सगळेच बघतो. ते क्षार केसाएवढ्या खाचांत बसले तर काय होईल? नळाचं पाणी नको, बोअरचं तर नकोच, आणि घरातल्या फिल्टरचंही नको. डिस्टिल्ड पाणी घ्या आणि त्यात गंज आणि शेवाळ रोखणारं औषध घाला, किंवा तयार कूलंट घ्या. बॅटरीच्या दुकानातून आणणार असाल तर कॅनवरचं नाव दोनदा वाचा, तिथे आम्लाचेही तसेच कॅन असतात. कोणी म्हणेल, शुद्ध पाण्यातून वीज जात नाही, मग सांडलं तरी काय बिघडलं? शुद्ध असतं तोवर खरं आहे. पण धातूंतून फिरलं, धूळ लागली, की ते शुद्ध राहत नाही. माझं तर राहिलं नव्हतंच.

पाचवा प्रश्न, वाट कशी आखायची? इथे नवीन माणूस फार डोकं घालतो. आधी प्रोसेसर की आधी कार्ड? दोघांच्या मध्ये रेडिएटर हवा का? गणित करून बघा, सरांच्याच सूत्रानं. वस्तुमान गुणिले विशिष्ट उष्णता गुणिले तापमानातला फरक. मिनिटाला चार लिटर पाणी फिरतंय असं धरा, म्हणजे चार किलो. पाण्याची विशिष्ट उष्णता ४.१८ किलोज्यूल. म्हणजे ते पाणी एक अंशानं तापवायला मिनिटाला १६.७ किलोज्यूल लागतात. माझे ४६२ वॉट मिनिटाला देतात २७.७. भागाकार करा, १.७ च्या आसपास येतो. म्हणजे पूर्ण फेरीत पाण्याच्या तापमानात दोन अंशांचाही फरक पडत नाही. कोण आधी, कोण नंतर, यानं जवळजवळ काहीच बिघडत नाही. नळ्या आखूड आणि सरळ जातील तशी वाट घ्या.

फक्त दोन गोष्टी पक्क्या. टाकी पंपाच्या वर हवी, म्हणजे पाणी आपोआप पंपात उतरेल. कोरडा पंप चालवला की तो जळतो, विहिरीवरच्या मोटरसारखाच. आणि पाणी भरायचं तोंड सगळ्यात वर, पाणी काढायची तोटी सगळ्यात खाली.

ही तोटी म्हणजे माझ्या वहीतली सगळ्यात मोठी ओळ आहे, लाल शाईनं दोनदा अधोरेखित केलेली. पाणी कुठून जाणार हे आखायच्या आधी, ते बाहेर कसं काढणार हे आखा. सगळ्यात खालच्या नळीत एक टी जोड आणि त्याला छोटा बॉल व्हॉल्व्ह, बस. दोन-तीनशे रुपयांची वस्तू. ती असती तर फेब्रुवारीतच मी पाणी काढलं असतं, चोथा बघितला असता, रेडिएटर बदलला असता. आळशी माणूस नाही मी, तुम्हाला माहीत आहे. पण जे काम करायला अख्खं मशीन उलटं करावं लागतं, ते काम कोणीही पुढे ढकलतो.

सहावा प्रश्न नळीचा. पारदर्शक कडक नळी दिसायला सुंदर, पण पीईटीजी आपल्या उन्हाळ्यासाठी नाही. कडकच हवी असेल तर अॅक्रिलिक घ्या, ती जास्त उष्णता सोसते. मी काळी रबरी नळी घेतली, ईपीडीएमची. आतून दहा मिलिमीटर, बाहेरून सोळा. मोटारसायकलच्या पेट्रोलच्या नळीसारखी दिसते. आता गिऱ्हाइकं माझ्या काँप्युटरकडे ढुंकूनही बघत नाहीत. पण फिटिंगची कडी आवळली की ती नळी निसटत नाही, आणि निगा राखायला सोपी.

सातवा प्रश्न, खात्री कशी करायची? नवा रेडिएटर आधी गरम डिस्टिल्ड पाण्यानं खळबळून धुवा, आत जोडकामाचा मळ राहिलेला असतो. सगळं जोडून झालं की पाणी घालायच्या आधी हवा भरा. सायकलच्या पंपासारखा छोटा पंप मिळतो, त्याला दाबाचा काटा असतो. अर्धा बार दाब द्या, जास्त नको, आणि अर्धा तास काटा बघत बसा. काटा उतरला की कुठेतरी गळती आहे. हवा गळली तर काही बिघडत नाही, ओ-रिंग तपासा, पुन्हा बसवा. काटा जागेवर राहिला की पाणी भरा. पण तेव्हाही प्रोसेसरला, कार्डाला वीज नाही. फक्त पंप चालवायचा, प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवायचा, आणि एक अख्खा दिवस तसाच जाऊ द्यायचा. पहिल्या वेळी मी फक्त पंधरा मिनिटं थांबलो होतो. ती पंधरा मिनिटंही फोटो काढण्यात गेली.

आठवा प्रश्न, आपण तिथे नसताना काय होईल? पहिल्या मशीनमध्ये प्रोसेसर स्वतःचं तापमान बघत होता, ९० ला पोचला की वेग कमी करत होता, म्हणून मशीन चालूच राहिलं. पाण्याचं तापमान मात्र कोणीच बघत नव्हतं. आता पाण्यात एक सेन्सर आहे. पंखे त्याच्यावर चालतात, प्रोसेसरवर नाही. पाणी ५० वर गेलं की पंखे पूर्ण वेगानं फिरतात, ५५ वर गेलं की मशीन काम जतन करून बंद होतं. आणि लाइट जाऊन दहा मिनिटं झाली की तसंच बंद होतं, इन्व्हर्टर कितीही भरलेला असो. फिल्म एक दिवस उशिरा देता येते.

नववा, निगा. वर्षातून एकदा पाणी बदलायचं. मी तारीख ठरवली आहे, दसरा. शस्त्रपूजेच्या आदल्या दिवशी तोटी उघडतो. आणि दर पंधरा दिवसांनी रेडिएटरच्या जाळ्या साफ. आपल्याकडे धुळीत कापसाचे तंतू असतात, ते रेडिएटरच्या पात्यांत अडकून नमद्यासारखा थर होतो. म्हणून पाती फार दाट नसलेला रेडिएटर घेतला.

फळ काय मिळालं? यंदा मे महिन्यात दुपारी खोली ३३ अंशांवर असताना पाणी ४१-४२ वर होतं आणि प्रोसेसर ७५ च्या आसपास. चार तासांची फिल्म चार तासांत निघते, आणि आवाज इतका कमी की बाजूला बसून गाण्याचं संकलन करता येतं.

एवढं सांगून खरं तर मी थांबू शकलो असतो. वीस मिनिटंही होत आली. पण शेवटी सांगतो म्हणालो होतो, ते राहिलं.

त्या रात्री मशीनमध्ये होतं ते लग्न परक्याचं नव्हतं. आपल्याच वर्गातल्या मित्राच्या मुलीचं होतं. तो आज तिसऱ्या ओळीत बसलाय. लग्नाच्या दिवसाचं बरंचसं वाचलं, कारण माझ्या मदतनिसानं दुसऱ्या कॅमेऱ्याची कार्डं पुसली नव्हती. हळदीच्या दिवसाचं सगळं गेलं. ती कार्डं मी स्वतः पुसली होती, दुसऱ्या दिवशीच्या लग्नाला हवी म्हणून, मशीनमध्ये आहे ना, मग काय, असं म्हणून. त्या हळदीत मित्राच्या आई जात्याजवळ बसून घाण्याची गाणी म्हणत होत्या, ओळीनं सात-आठ गाणी. आपल्यातले कितीतरी जण त्यांच्या हातची भाकर खाऊन मोठे झालेत. पुढच्याच हिवाळ्यात त्या गेल्या. त्यांच्या आवाजातलं आता कोणाच्या तरी मोबाइलवरचं चाळीस सेकंदांचं एक चित्रण आहे, तेवढंच.

मी तेव्हा मित्राला सांगितलं, ‘हार्ड डिस्क उडाली.’ असं होतं कधी कधी, असं म्हणालो. तो म्हणाला, जाऊ दे, यंत्रच ते. पैसे परत देत होतो, घेतले नाहीत. ‘हार्ड डिस्क उडाली’ हे वाक्य फार सोयीचं असतं. त्यात कोणाची चूक नसते. तोटी न बसवलेली नसते, स्वस्तातला रेडिएटर नसतो, ‘मे संपला की बघू’ नसतं, पुसलेलं कार्ड नसतं.

काल रात्री जेवणं झाल्यावर आपण शाळेच्या मागच्या कट्ट्यावर बसलो होतो. सगळे उठून गेल्यावर मी त्याला थांबवलं आणि जसं झालं तसं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग एवढंच विचारलं, “आता तरी दोन ठिकानी ठेवतं ना बे?”

ठेवतो. आता प्रत्येक लग्नाच्या तीन प्रती असतात. एक मशीनमध्ये, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि एक स्टुडिओत नाही, घरी, कपाटात. फिल्म देऊन, त्यांनी बघून ‘मिळाली’ म्हणेपर्यंत कॅमेऱ्याची कार्डं पुसत नाही. नळयोजना कितीही चांगली आखली तरी कधी ना कधी गळेल असं धरूनच चालतो. मग गळली तर जाईल ते फक्त यंत्र.

मी त्याला विचारलं, हे उद्या सर्वांसमोर सांगू का? म्हणाला, सांग, पोरांच्या कामी येईल. म्हणून सांगितलं.

ज्यांना वहीतली पानं हवी असतील त्यांनी दुपारी माझ्याकडून फोटो काढून घ्यावेत. आणि आज ज्यांनी ज्यांनी मोबाइलवर या मेळाव्याचं चित्रण केलं आहे, सर-बाईंचं बोलणं घेतलं आहे, त्यांनी आज रात्री झोपायच्या आधी त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवावी, एवढी विनंती करतो.

जेवण तयार आहे असं खुणावतायत.